चाकू भुईवर ठेवायचा

"चाकू दे इकडं," जमादार म्हणाला आणि त्यानं हात पुढं केला.

केरबादादानं खिशातून चाकू काढला, कमरेत वाकला आणि जमादाराच्या बुटापुढं भुईवर ठेवला. ठेवून थोडा मागं सरकला आणि शहाण्यासारखा हात बांधून उभा राहिला.

एस.टी. स्टँडचं दार, बाजाराचा दिवस, माणसांची ही झुंबड. जमादार एकदा चाकूकडं बघायचा, एकदा माझ्या भावाकडं.

"हातात दे म्हणालो."

"ठेवलाय की सायेब. घ्या."

"मी उचलू?"

"व्हय. म्हंजे… तसंच असतंय न्हवं?"

एवढंच झालं बघा. मी शेजारीच उभी होते, त्यामुळं याच्यापलीकडं एक शब्द झाला नाही हे मी आजही कुणालाही छातीठोकपणे सांगीन. पण गर्दीतलं कोण एक मेलं फिदीफिदी हसलं. एक हसलं म्हणून चार हसले. जमादाराचं तोंड लालबुंद झालं आणि त्यानं दादाच्या कानाखाली अशी काही काढली की त्याची टोपी उडून चाकूशेजारी जाऊन पडली.

"पोलिसाच्या पायात हत्यार टाकतोस? माज आलाय?"

दादा गालावर हात धरून नुसता बघत राहिला. त्याला खरंच कळलं नव्हतं, आपण काय वावगं केलं ते.

आता तुम्हाला वाटंल, काय हा येडपटपणा. पण आमच्या घरात चाकू कधी कुणी कुणाच्या हातात दिला नाही. मीठ नाही, मिरची नाही, सुई नाही, विळा नाही आणि चाकू तर नाहीच. भुईवर ठेवायचा, दुसऱ्यानं उचलायचा. हातातनं हातात चाकू गेला की त्या दोघांचं नातं तुटतं, असं आई म्हणायची. सगळ्या गावातच ही रीत होती म्हणा, पण आमच्यात जरा जास्तच, कारण आमचं पोटच चाकूवर होतं. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, द्राक्षबागेत कलमं भरायचे. पाऊस सरत आला की टोळी निघायची. जंगली खुंट कापायचा, त्याला मधोमध चीर द्यायची, चांगल्या जातीच्या काडीला पाचरीसारखं टोक काढून त्या चिरेत बसवायचं आणि वरनं प्लास्टिकची पट्टी आवळायची. दिवसभर हेच. एकाचा चाकू बोथटला की दुसऱ्याचा मागायचा. आणि मागितला की तो खुंटाच्या बुडाशी ठेवायचा. टोळीत भांडण लागलं तर काम बसतं, म्हणून ही माणसं त्या बाबतीत लईच कडक.

अण्णा गेले आणि त्यांचा चाकू दादाकडं आला. घडीचा होता. शिंगाची मूठ, आत पितळेचं अस्तर, पातं माझ्या बोटाएवढं. त्याला धार एकाच अंगानं, दुसरं अंग सपाट, म्हणजे काडीचा काप कसा आरशासारखा निघतो. आणि मुठीच्या पाठीला खटका. पातं उघडलं की टक करून बसायचं, ते खटका दाबल्याबिगर मिटायचं नाही. खुंटाला जोर लावताना पातं उलटं मिटलं तर बोटं जातील, म्हणून अण्णांनी मिरजेच्या एका लोहाराकडनं खास करून घेतलेला.

लहानपणी एकदा आम्ही दोघं बांधावर पेरू खात होतो आणि दादानं बोलता बोलता तो चाकू माझ्या हातात दिला. आईनं लांबनं बघितलं. अशी धावत आली की काय सांगू! दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घातला आणि म्हणाली, "मालन, ठेव तो खाली. ठेवलास? आता केरबा, तू उचल. उचललास? आता तू ठेव. हां. आता मालन, तू उचल. फिटलं." मग पदरानं घाम पुसत तिथंच बांधावर बसली. आम्हाला नुसतं हसू येत होतं. आईला मात्र अजिबात हसू आलं नाही.

तर असा हा माझा भाऊ, आणि त्याला पोलिसांनी दंडाला धरून नेला.

आम्ही त्या दिवशी तालुक्याला आलो होतो माझ्या साखरपुड्याचं लुगडं घ्यायला. माझं दिनकरशी जमलं होतं. सोनवडीचा पोरगा, उंचापुरा, बोलायला लाजरा, आणि मला आवडला होता. आता या वयात लाजायचं काय, आवडला होता म्हणजे आवडला होता. नुकतंच त्याचं पोलीस भरतीत नाव लागलेलं. दादानं स्वतः चार खेपा घालून सोयरीक जुळवली होती. अण्णांनी जाताना त्याला एकच सांगितलं होतं, मालूला चांगल्या घरात दे. ते त्यानं इतकं मनावर घेतलं होतं की स्वतःच्या लग्नाचं नावही काढू द्यायचा नाही. एस.टी.त बसल्यापासनं त्याचं एकच चाललेलं. "जांभळं घेऊया का गं? का लिंबासारखं पिवळं? तुला जांभळं खुलंल." मी म्हणायची, दादा, अरे हळू बोल, लोक ऐकत्यात.

तालुक्यात आठवड्यापूर्वी दोन गटांत दगडफेक झालेली. त्यामुळं मनाई हुकूम लागलेला. काठी, कुऱ्हाड, चाकू, काही म्हणून जवळ बाळगायचं नाही. आम्ही पडलो आडगावचे, आम्हाला कुठलं ठाऊक? आणि ठाऊक असतं तरी दादानं चाकू घरी ठेवला असता असं मला वाटत नाही. कारण तो चाकू त्याच्या खिशात आहे हे त्याच्या ध्यानातच नसायचं. आपल्या अंगाला हात आहे हे कुणाच्या ध्यानात असतं का?

ठाण्यात फौजदार बसले होते. तरणेच होते, चष्मा लावलेले. त्यांनी चाकू घेतला, उघडला आणि मिटायला गेले तर मिटेना.

"हा मिटत का नाही?"

"त्याचा खटका मागं हाय सायेब," दादा म्हणाला. "थांबा, मी दावतो." आणि त्यानं हात पुढं केला.

लगेच शिपायानं त्याचा हात मागं मुरगाळला. मी किंचाळले. फौजदारांनी शिपायाला थांबवलं, खटका शोधून दाबला आणि दोन-तीनदा चाकू उघडमीट करून बघितला. मग टेबलावरची फूटपट्टी पात्याला लावली.

"कशाला वापरतोस?"

"कलमं भरायला. द्राक्षाची."

"आणि पोलिसांच्या अंगावर का टाकलास?"

"टाकला न्हाई सायेब. ठिवला."

"साहेब," मी मधेच बोलले, "आमच्यात चाकू हातात देत नाहीत. दिला तर वाकडं येतं. जमादारांचं वाईट होऊ नये म्हणून त्यानं खाली ठेवला हो. चांगल्यासाठी ठेवला."

फौजदारांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, पटलं यांना. पण जमादार बाजूला उभाच होता, त्याच्या कानावर ते लोकांचं हसू अजून असणार. तो म्हणाला, "साहेब, सगळा बाजार बघत होता."

फौजदारांनी चष्मा काढून डोळे चोळले. "हे बघ बाई, हत्यार कायद्यात हा बसत नाही. पातं लहान आहे, शेतकामाचं अवजार आहे, ते मला कळतंय. मनाई हुकमात मात्र चाकू तो चाकूच. तरी तो मी लावत नाही. चाकू राहू दे. पण भर बाजारात पोलिसांशी हुज्जत घातली, हे मी कसं सोडू? उद्या दुसरा घालंल, परवा तिसरा. शांतताभंगाची चॅप्टर केस होईल. उद्या तहसीलदारांपुढं उभं करतो, जामीन आणा आणि घेऊन जा."

म्हणजे बघा, चाकू सोडला आणि माणूस धरला.

दुसऱ्या दिवशी आई आली, सरपंच जामीन राहिले, दादा सुटला. ठाण्यातनं निघताना तोच जमादार पायरीवर आला. हातात आमचा चाकू. थोडा वेळ घुटमळला. मग इकडंतिकडं बघितलं, वाकला आणि चाकू आमच्या पुढ्यात पायरीवर ठेवला.

"उचल," तो दादाला म्हणाला.

दादानं उचलला.

"आमच्या घरातबी हातात देत न्हाईत," जमादार खालच्या आवाजात आईला म्हणाला. "माझी म्हातारी तर मीठसुदिक देत न्हाई. पर मावशे, अंगावर ही वर्दी असली की वाकून उचलता येत न्हाई गं. लोकं हसली आन् माझा तोल गेला."

आईनं नुसतं दादाच्या सुजलेल्या गालाकडं बघितलं आणि चालायला लागली. जमादार पायरीवर तसाच उभा होता. मला तेव्हा त्याचा राग आला होता, आता येत नाही.

लुगडं राहिलंच.

गावात आमच्याआधी बातमी पोचलेली. केरबानं पोलिसावर चाकू काढला. चावडीपाशी ऐकलं ते असं, देवळापाशी ऐकलं ते आणखी वाढवून. दिवस कलायच्या आत दिनकरचे मामा, आबा, आमच्या ओट्यावर येऊन बसले. माणूस वाईट नव्हता हो. चहा घेतला, आईची विचारपूस केली, दादाच्या गालाला काय लावलं ते विचारलं. पण कप खाली ठेवला आणि बशीच फिरवत बसले.

"बोला की आबा," आई म्हणाली.

"कसं बोलू वैनी. पोराचं भरतीत नाव लागलंय. आता वरनं चौकशी येणार. कुठला, कुणाचा, सोयरेधायरे कोण. आन् हिकडं…" त्यांनी दादाकडं बघायचं टाळलं. "सख्खा मेव्हणा चॅप्टर केसमधला. पोलिसाशी भांडलेला. तुमीच सांगा."

"भांडला न्हाई त्यो," आई म्हणाली.

"मला ठावं हाय ओ. आमी काय परके हाय? पर कागदाला कोण समजवणार?"

"मग काय म्हननं हाय तुमचं? मोडायचं?"

"मोडायचं म्हणत न्हाई. पोरगी आमाला पायजेच. दिनकरनं तर ताटच सोडलंय. पर…" आबा टोपी काढून मांडीवर ठेवून तिच्याकडंच बघत बसले. "भाऊ जरा बाजूला ऱ्हायला तर. वेगळा निघाला, येणंजाणं न्हाई, संबंध न्हाई, असं गावानं सांगितलं पायजे. नुसतं तोंडदेखलं चालायचं न्हाई. चौकशीवाले गावात इचारत्यात."

मी दारामागं होते, ती तडक बाहेर आले. "मग नको मला हे लग्न. माझ्या भावाला बाजूला सारून मला कुणाचं घर नको. सांगा तुमच्या भाच्याला."

"मालन, आत जा," दादा म्हणाला. कालपासनं पहिल्यांदा त्याचा आवाज चढला होता.

"जात नाही."

"जा म्हणतो न्हवं!"

मी आत जाऊन चुलीपुढं बसले. मग बाहेरनं दादाचा आवाज आला. "आबा, साखरपुडा ठरल्या दिवशी हुईल. तुमी जावा."

रात्री मी त्याच्याशी भांड भांड भांडले. तुला काय कळतं, तू मोठा दीडशहाणा, अण्णा असते तर तुला जोड्यानं मारला असता, वाट्टेल ते बोलले. तो भाकरी कुस्करत होता आणि हसत होता. "पोलिसाची बायको हुणार तू," म्हणाला, "आतापास्नंच दरडावायला लागली."

मला वाटलं, हा मनातनं काहीतरी तोडगा काढून बसलाय. काढला होताच म्हणा.

सकाळी तो वरच्या माळावर यशवंत तात्यांच्या बागेत कलमं भरायला गेला. मी न्याहारी घेऊन गेले. ओळीच्या टोकाला एकटाच बसला होता, गुडघ्याला गुडघा लावून. मला बघितलं आणि हातातलं काम पुरं केलं. काडीला टोक काढलं, चिरेत बसवली, सालीला साल लागलीय का ते नख लावून बघितलं, पट्टी आवळली. शेवटचा पीळ देताना दातात पट्टी धरायची त्याची सवय होती, अगदी अण्णांसारखी.

"हे बघ," म्हणाला, "खुंट रानटी असतोय. कापल्याबिगर त्याच्यावर चांगली काडी जगत न्हाई."

"खा आता. भाकरी वातड होईल."

"खातो." त्यानं पातं धोतराला पुसलं, खटका दाबला, चाकू मिटला. "मालू, हात कर."

मला वाटलं पेरू असंल, न्हायतर एखादं सीताफळ ठेवलं असंल माझ्यासाठी. तो नेहमी काही ना काही राखून ठेवायचा. मी हात केला.

त्यानं चाकू माझ्या तळहातावर ठेवला. वरनं स्वतःच्या दोन्ही हातांनी माझी बोटं मिटली आणि तशीच धरून ठेवली. चाकूची मूठ त्याच्या हाताच्या उबेनं गरम होती.

मला आधी काही समजेचना. आणि समजलं तशी मी ओरडले.

"दादा! अरे काय केलंस हे!"

"झालं," तो म्हणाला.

मी हात हिसडून सोडवला आणि चाकू तिथंच खुंटाच्या बुडाशी ठेवला. "उचल. उचल आधी. मग परत ठेव, मी उचलते. उचल दादा!"

"न्हाई."

"तुझ्या पाया पडते. आईची शपथ हाय तुला."

"आईला सांगून आलोय," तो म्हणाला. "मालू, आता कुणी इचारलं तर बेधडक सांग. माजा भाऊ न्हाई, आमचं तुटलंय. तुला खोटं बोलताच येत न्हाई, तोंडावर दिसतंय तुज्या. म्हनून खरंच तोडलं. आता खोटं बोलायचं काम न्हाई."

मी भुईवर बसले आणि मोठ्यानं रडायला लागले. बाकीची माणसं ओळीतनं माना वर करून बघायला लागली. दादा उठला. त्यानं भाकरीचं फडकं उचललं, काखेत मारलं, आणि बांधावरनं खाली गेला. एकदाही मागं बघितलं नाही. चाकू खुंटाशी तसाच पडलेला. मी किती वेळ बसून राहिले असेन, त्याची वाट बघत. शेवटी यशवंत तात्या आले आणि म्हणाले, "पोरी, अण्णाचा चाकू हाय त्यो. असा रानात टाकू नगं." मग मी तो उचलला.

त्याच दिवशी दादा विजापूरकडच्या टोळीबरोबर निघून गेला.

चौकशीवाले आले. आईला विचारलं, गावाला विचारलं, मला विचारलं. मी सांगितलं, भावाशी आमचं तुटलंय. माझ्याकडं बघून त्यांना ते एका झटक्यात पटलं. माझं लग्न झालं, लुगडं जांभळंच घेतलं. भावानं नवऱ्याचा कान पिळायचा असतो, तो चुलतभावानं पिळला आणि टॉवेल-टोपी घेतली. सगळे हसले, दिनकर पण हसला. मग माझ्याकडं बघितलं आणि त्याचं हसू गेलं.

नवरा मला चांगला मिळाला, त्याबद्दल तक्रार नाही. नोकरी पक्की झाली त्याच आठवड्यात तो म्हणाला, आता भावाला बोलव. मी टोळीच्या माणसांकडनं निरोप धाडला. उलटा निरोप आला, "तुज्या मालकाची वर्दी उतरू दे, मग बघू. तवर चाकू तुझ्याकडंच बरा." दर भाऊबीजेला मी पाट मांडायची आणि पाटापुढं भुईवर तो चाकू ठेवायची. पोरं विचारायची, आई, हे काय? मी म्हणायची, तुमचा मामा आहे.

आई गेली तेव्हा दादा आला. केस पिकलेले, रापलेला. अग्नी दिला, दहावं केलं, माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मी घाटाच्या वाटेवर मधोमध चाकू ठेवला होता. तो आला, थबकला. माझ्या जिवात जीव आला. मग त्यानं ड्यूटीवरनं तसाच येऊन लांब उभ्या असलेल्या दिनकरकडं बघितलं, त्याच्या अंगावरच्या खाकी कपड्यांकडं बघितलं आणि चाकूला वळसा घालून निघून गेला. असला हट्टी माणूस!

दिनकर हवालदार म्हणून निवृत्त झाला त्या दिवशी मी हार वगैरे काही बघितलं नाही. घरी आल्यावर त्याचा युनिफॉर्म घडी घालून ट्रंकेत ठेवला आणि म्हटलं, उद्या विजापूरची गाडी.

"उद्या?" तो म्हणाला.

"उद्या."

विजापूरच्या अलीकडं, तिकोटा गावाच्या पुढं एक वस्ती होती. दारात एक बाई उभी, सावळी, कपाळावर विभूती. ही गंगव्वा, दादानं तिकडंच लग्न केलेली माझी भावजय. मी तिला कधी बघितलेलं नव्हतं आणि तिनं मला. माझ्या तोंडाकडं बघूनच तिनं ओळखलं. "मालन बाई?" म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

दादा आत खाटेवर होता. पाऊस संपायच्या सुमारास, बागेतच, खुंटाला चीर देता देता पडला होता. उजवं अंग गेलेलं, तोंड एका बाजूला ओढलेलं. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. मी दिसले तसे त्याचे डोळे भरले. मग त्यानं दिनकरकडं बघितलं. दिनकर साध्या पांढऱ्या शर्टात होता. दादा त्याच्या शर्टाकडंच बघत राहिला.

"उतरली वर्दी, दादा," मी म्हणाले. पिशवीतनं चाकू काढला आणि खाटेजवळ भुईवर ठेवला. "उचल आता."

त्यानं डावा हात खाली सोडला. खाट उंच होती. बोटं हवेतच चाचपडत राहिली, चाकूपर्यंत काही पोचेनात.

"अगं, दे की त्याच्या हातात," दिनकर म्हणाला.

"नाही," मी म्हणाले. "हातात नाही द्यायचा."

दादाचं तोंड हललं. मला वाटतं तो हसला. मग त्यानं डाव्या हातानं खाटेवर थोपटलं आणि भुईकडं बोट केलं. म्हणजे, मला खाली घ्या.

गंगव्वा ओरडलीच. "नको बाई! भुईवर नको घेऊ! भुईवर कधी घेतात, ठाऊक न्हाई काय?" तिला म्हणायचं होतं ते मला कळत होतं. माणूस जायला लागला की भुईवर घेतात. मी थांबले. पण दादा परत थोपटायला लागला, परत, परत, आणि थांबेना. शेवटी गंगव्वानंच खाली घोंगडं अंथरलं.

दिनकरनं त्याला काखेतनं धरलं, मी पायाकडनं. किती हलका झाला होता. त्याला भुईवर ठेवला आणि तो कुशीवर वळला. डावा हात सरकवत सरकवत नेला आणि चाकू उचलला. मुठीवरनं अंगठा फिरवला, खटका कुठं आहे ते चाचपलं, पण दाबायला बळ नव्हतं. थोडा वेळ तसाच मुठीत धरून पडून राहिला.

मग त्यानं तो परत भुईवर ठेवला. माझ्या बाजूला.

मी उचलला.

"फिटलं," मी म्हणाले.

"मा… लू," तो म्हणाला. एवढंच बोलता आलं. मग डोळे मिटून पडला, आणि गंगव्वा त्याच्या पायाशी बसून रडायला लागली. दिनकर म्हणाला, याला वर खाटेवर घेऊ या का? मी दादाच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाले, राहू दे, इथंच बरा आहे.